घमेल्यातला समुद्र

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक मला अजून खऱ्या वाटतात. पण सरकारी पगार घेऊन मारलेली थाप एकच. ती सातवीच्या वर्गात, भूगोलाच्या तासाला, समुद्राबद्दल मारली आणि निस्तरताना माझ्या तोंडचं पाणी पळालं.

शाळा जिल्हा परिषदेची. इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्याच्या पुढं, कालव्याच्या अगदी शेपटाला. नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं मी तिथं शिकवलं. दोन खोल्या दगडी, एक पत्र्याची; पत्र्याची मला. मार्च लागला की त्या पत्र्याखाली खडूला घाम फुटायचा. फळ्यावर नदी काढली की घंटा व्हायच्या आत ती आटायची. हे सांगितलं की लोक हसतात. हसोत. मी नीरा नदी एका तासात तीनदा काढली आहे.

त्या गावात पाणी आकाशातून पडतं अशी फारशी कुणाची समजूत नव्हती. पाणी कालव्यानं यायचं, पाळीनं यायचं, आणि कुणीतरी सोडलं तर यायचं. कुणाच्या रानाला किती तास हे कालव्यावरचा पाटकरी बघायचा. तो सायकलवरून दिसला की उसातली माणसं उसाबाहेर येऊन त्याला चहा विचारायची. आणि पाणी आलं नाही की त्याला एकच कारण: वरच्यांनी अडवलं. वरचे म्हणजे कालव्याच्या वरच्या अंगाची गावं, बारामतीकडची. ह्यात खरं किती न् खोटं किती मला ठाऊक नाही. मी स्वतः बारामतीकडचा, त्यामुळं माझ्यासमोर कुणी ते बोलायचं नाही. पण माझ्या डब्यातल्या वांग्याकडंसुद्धा लोक जरा जास्त वेळ बघायचे. हे वांगं कुणाच्या पाण्यावरचं, असं.

अशा गावात मी एके दिवशी उभा राहिलो आणि पुस्तक वाचलं: समुद्रावरून येणारे वारे बाष्प आणतात, आणि सह्याद्री त्यांना अडवतो.

'अडवतो' म्हटल्याबरोबर अख्खा वर्ग ताठ बसला. झोपलेले उठले. मागच्या बाकावरचा एक पोरगा, ज्यानं वर्षभरात हजेरीखेरीज तोंड उघडलं नव्हतं, तो म्हणाला, "गुरुजी, कुणाच्या सांगण्यावरनं?"

"अरे, सह्याद्री डोंगर आहे. त्याला कोण सांगणार?"

"पर डोंगर कुणाचा हाय?"

"कुणाचा नाही."

"कुणाचा न्हाय आसा डोंगर आसतो व्हय," दुसरा म्हणाला. "वरच्यांचाच आसंल."

"म्हंजी पाऊस बी तेच खात्यात."

"मग ढगाला पाटकरी कोन हाय, गुरुजी? त्याला गाठाय पायजे."

हे काही चेष्टेनं चाललं नव्हतं. बारा-तेरा वर्षांची पोरं होती, आणि जगात पाणी कसं चालतं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. पाऊस कुणाच्या वशिल्यानं पडत नाही, तो समुद्र, ऊन, वारा आणि डोंगर ह्यांच्या हिशेबानं पडतो, हे त्यांच्या गळी उतरवायचं, एवढीच माझी त्या वर्षीची खटपट होती. परीक्षेत लिहितील ते निराळं. त्यांना ते पटायला हवं होतं.

म्हणून मी घसा खाकरून समुद्राचं वर्णन सुरू केलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. लाल रिबिनींच्या दोन वेण्या, आणि एक भुवई वर. ती भुवई जन्मतःच वर होती का माझ्या तासाला वर जायची, ह्याचा निकाल मला लावता आला नाही.

"गुरुजी, तुमी समुद्र बघितलाय?"

आता माझं पाणी सांगतो. मी बारामतीच्या बाजूला जन्मलो, बारामतीत शिकलो, नोकरीला इंदापूर तालुक्यात आलो. मी बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे इंदापूरच्या अंगाला पसरलेला उजनी धरणाचा फुगवटा. मुंबईला एकदा निघालो होतो, पण लोणावळ्यात भावकीतल्या माणसानं लग्नाला ठेवून घेतलं आणि तिथूनच परत आलो.

"बघितलाय की," मी म्हणालो.

एकदा समुद्र बघितला म्हटलं की नुसतं बघून भागत नाही. मग मी त्याच्या काठी बसून भाकरी खाल्ली. वारा इतका खारा, की भाकरीला मीठ लावावं लागलं नाही. मग एक लाट आली आणि माझी डावी चप्पल घेऊन गेली. मी उजवी हातात धरून वाट बघत बसलो आणि दिवस मावळायच्या आत दुसऱ्या एका लाटेनं ती आणून दिली, धुऊन. मग अंधारून आलं आणि पलीकडच्या काठावर दिवे लागले. मी ते मोजले. सत्तेचाळीस.

उजनी घेतली, दहानं गुणली आणि वर मीठ टाकलं, झाला समुद्र. पोरांनी श्वास धरून ऐकलं. आणि खरी गंमत अशी की त्या चपलेच्या मागोमाग सगळा धडा त्यांच्या डोक्यात गेला. दुसऱ्या दिवशी तो मागच्या बाकावरचा पोरगा मधल्या सुट्टीत सहावीच्या पोरांना ऐकवत होता: "पाऊस समुद्रावरनं येतो. गुरुजी स्वता तितं जाऊन आल्यात."

मला आधी बरं वाटलं. मग धोका लक्षात आला. कारण आता पाऊस, वारा, ढग, सगळं त्या एका चपलेवर उभं होतं. चप्पल गेली की पाऊस गेला. पुन्हा वरचे आणि पाटकरी.

आणि ती मुलगी काही बोलली नव्हती. तिनं वहीच्या मागच्या पानावर ते सगळं लिहून घेतलं होतं. सत्तेचाळीस हा आकडासुद्धा. लिहून घेणाऱ्या माणसाचा मला तेव्हापासून संशय येतो.

चार दिवसांनी हेडमास्तर सहज बोलले. हेडमास्तर म्हणजे निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, दाराच्या कड्यांना हात लावून बघत हिंडणारे गृहस्थ.

"अहो गुरुजी, तुमच्या वर्गातली ती लाल रिबिनीची पोरगी कुणाची नात ठाऊक आहे का? आबांची. वस्तीवरचे आबा. आता पोरं शेती करतात, एक लोणी देवकरला कंपनीत चिकटलाय. पण म्हाताऱ्यानं मेंढरं घेऊन तीस हिवाळे कोकणात काढलेत. तुम्ही समुद्राला जाऊन आलाय म्हणे. तुमची जमेल चांगली."

त्या दिवसापासून माझं जिणं हराम झालं. आबांना मी ओळखत होतो: उंच, वाळलेले, खांद्यावर घोंगडं, आणि डोळे असे की दहा मैलांवरचं लंगडं कोकरू ओळखतील. ते एसटीच्या थांब्यावर भेटले. "रामराम गुरुजी," म्हणाले. आजवर नुसतं "रामराम" म्हणायचे. आज 'गुरुजी' कशाला लावलं? मी दळण न्यायला गेलो तर ते गिरणीत बसलेले. त्यांचं दळणच नव्हतं, मग बसले कशाला? मी वाट बदलली. ओढ्यातून जायला लागलो. तर तिसऱ्या दिवशी ओढ्यात त्यांची शेळी चरत होती आणि शेळीच्या मागं ते.

"समुद्राला जाऊन आलाय म्हणं," ते म्हणाले.

"व्हय, आबा. मागं एकदा."

"बरं, बरं."

एक बरं असतं तर मी झोपलो असतो. दुसरं बरं कशाला, ह्याचा हिशेब मी दोन रात्री अंथरुणात करत होतो.

संशयी माणसाच्या हाताला काम द्यावं म्हणजे त्याचं डोकं गप्प बसतं, असं मला आमच्या एका शिक्षकांनी सांगितलं होतं. मी ठरवलं, प्रयोग करायचा. पुस्तकात तो होताच. दोन घमेली घ्यायची, एकात माती, एकात पाणी. दोन्ही उन्हात ठेवायची. माती लवकर तापते आणि लवकर निवते. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. जमीन तापली की तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा भरायला समुद्रावरची गार हवा येते. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून जातात ते मतलई वारे. आणि हेच उन्हाळ्यात सगळ्या देशाचं मिळून एकदम झालं, की तो पावसाळा. एवढं घमेल्यात दाखवलं की माझ्या चपलेची गरज उरणार नव्हती.

हेडमास्तरांच्या कपाटात कापसात गुंडाळलेले दोन थर्मामीटर होते. ते तपासणीला साहेब आले की टेबलावर मांडायचे आणि साहेब गेले की परत कापसात. "वापरायचे म्हणता?" हेडमास्तर म्हणाले. त्यांनी मला नखशिखांत बघितलं. "ताप आलाय का तुम्हाला?" शेवटी सही घेऊन दिले.

इथवर ठीक होतं. पण माझी खोड. पाण्याचं घमेलं नुसतं पाण्याचं दिसतंय म्हणून मला वाटलं, समुद्र करायचा तर तो पक्का करावा. खरं सांगायचं तर मीठ प्रयोगाला लागत नव्हतं, माझ्या थापेला लागत होतं. मी बाजारातून पाच किलो खडेमीठ सायकलला अडकवून आणलं. त्यातलं अर्धं घमेल्यात कालवलं, पिशवी बाजूला ठेवली आणि वर बघितलं तर कुंपणाच्या तारेपलीकडं तात्या उभे.

तात्या म्हणजे शाळेच्या शेजारच्या उसाचे मालक आणि शाळा समितीतले गृहस्थ. त्यांना पाणी हवं तेव्हा मिळायचं नाही, पण कालव्याचा पाझर मात्र बारा महिने त्यांच्या खालच्या पट्टीत उतरायचा. त्यानं जमिनीतलं मीठ वर आलं होतं आणि अर्धा एकर रान पांढरंफेक पडलं होतं. तिथं कुंद्याचं तणसुद्धा उगवायला लाजायचं. त्यामुळं तात्यांना साप चालला असता, मीठ चालत नव्हतं.

"गुरुजी, पिशवीत काय हाय?"

"मीठ, तात्या."

"किती?"

"पाच किलो."

"तुमी तर एकटं ऱ्हाता."

"खायला नाही. समुद्र करायचाय."

तात्यांनी तार वाकवली आणि आत आले. घमेल्यात बोट बुडवलं, चाटलं, थुंकलं. मग माझ्याकडं बघून अगदी हळू आवाजात विचारलं, "तुमाला पाठवलं कुणी?"

"जिल्हा परिषदेनं."

"तसं न्हाय. तुमी बारामतीकडचं. वरच्या कुणी सांगितलंय का, की खालच्याची ऱ्हायलेली रानं बी मारा?"

"तात्या, एका घमेल्यात रान मरतं का?"

"आज घमेलं. उद्या शाळंच्या पोरांनी घरनं एकेक घमेलं आणलं म्हंजी? ही जमीन उताराची हाय. हितनं सांडलं की माझ्या सरीत."

मी सांगितलं की हे विज्ञान आहे. ते म्हणाले, पांढऱ्या पट्टीत बी ईज्ञानच हाय. मी म्हणालो, समुद्राच्या पाण्यात मीठ असतं. ते म्हणाले, आसंल, पर पोरांस्नी वारं शिकवायला मीठ लागतं ह्ये कुणी सांगितलं? इथं मी गप्प झालो. माझ्या गप्प होण्यानं तर त्यांची खात्रीच पटली.

"समुद्र बघितल्यालं माणूस गावात हाय," तात्या म्हणाले. "आबांस्नी बोलवतो उद्या. त्यांनी म्हणावं मीठ टाका, मी हरकत घेणार न्हाय. तवर ह्यो समुद्र हितं ठेवायचा न्हाय."

मग दोन पोरांनी घमेलं दोन बाजूंनी धरलं, पुढं तात्या, मागं मी, आणि सगळी सातवी, एक थेंब सांडला तर तो कुणी सांडला हे बघायला. आम्ही तो समुद्र शाळेपासून लांब नेऊन डांबरी रस्त्यावर ओतला. तो वाळला आणि तिथं पांढरा पट्टा उठला. पुढं पंधरा दिवस गावच्या शेळ्या तो चाटायला यायच्या आणि इंदापूरची एसटी त्यांच्या मागं हॉर्न वाजवत उभी राहायची. कंडक्टर विचारायचा, हितं काय सांडलंय? पोरं सांगायची, समुद्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. मी खुर्ची दिली. ते उंबऱ्यापाशी उकिडवे बसले, काठी आडवी ठेवली. तात्या भिंतीला टेकून उभे. हेडमास्तर दारात, थर्मामीटर शाबूत आहेत ना हे बघायला. मुलगी पहिल्या बाकावर, वही उघडी. मी फळ्यापाशी, आणि माझ्या सदऱ्याच्या आत जो पाऊस चालू होता त्याला सह्याद्रीसुद्धा अडवू शकला नसता.

"आबा," तात्यांनी सुरुवात केली, "समुद्रात मीठ आसतं?"

"आसतं की. एका घोटात आज्जा आठवंल एवढं."

"मग पोरांस्नी वारं दाखवाय घमेल्यात मीठ पायजे का?"

"कशापायी? गुरुजी काय लोणचं घालणार हायती?"

तात्यांनी माझ्याकडं विजयानं बघितलं. मी मान डोलावली. मीठ गेलं तर गेलं, मला म्हाताऱ्याला लवकर उठवायचं होतं. म्हणून मी घाईनं म्हणालो, "बरोबर. आपण बिनमिठाचाच करू." पण आबांना कुणीतरी विचारलं की ते सावकाश आणि सगळं सांगणारे.

"वाऱ्याचं म्हणाल तर," ते म्हणाले, "आमी दिवाळी झाली की घाट उतरायचो. भाताची खाचरं रिकामी झाल्याली आसायची, त्यात मेंढरं बसवायची. लेंडीखतापायी शेतकरी भात द्यायचा. बारकी कोकरं बांबूच्या डालग्याखाली ठेवायची, आन् वारं लागू ने म्हणून डालग्याला एका अंगानं पोतं बांधायचं. दुपारी पोतं समुद्राच्या अंगाला. कारण वारं तिकडनं. पर पहाटं वारं फिरायचं. डोंगराकडनं गार यायचं आन् समुद्राकडं जायचं. मग बायका उठून पोती सोडायच्या, दुसऱ्या अंगाला बांधायच्या. रोज दोन येळा. हिच्या आज्जीनं तीस हिवाळं ह्येच केलं."

वर्गात पानं फडफडली. कुणीही न सांगता पोरांनी पुस्तकं उघडली होती. मागच्या बाकावरचा पोरगा ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं म्हणाला, "हितं हाय. दिवसा समुद्राकडनं, रातचं जमिनीकडनं. आबांचंच छापलंय."

"पुस्तकवाल्यानं बी डालगी फिरवली आसतील," आबा म्हणाले.

मी स्वतःला विसरलो. नोकरीला लागल्यापासून ते खारे आणि मतलई मी पाठ करून घेत होतो, आणि दरवर्षी कुठला कुठून हे आधी पुस्तकात बघून मगच वर्गात शिरत होतो. कुणीतरी त्या वाऱ्यात पोती बांधली असतील हे मनातसुद्धा आलं नव्हतं. मी विचारलं, "आणि पावसाचं, आबा?"

"उन्हाळा सरत आला की एक दिस पहाटं वारं उलटायचंच न्हाय. रातसारी समुद्राकडचंच. मग म्हातारी म्हणायची, आवरा. आमी घाट चढाय लागायचो. चढताना कवा कवा पाऊस गाठायचा. घोंगडी पिळून मनगटं दुखायची. माथा वलांडून हिकडं उतरलो की दोन मुक्कामात घोंगडं वाळायचं आन् नाकात फुफाटा."

"म्हंजी पाऊस तितंच संपतो?" एका पोरानं विचारलं.

"संपतो म्हंजी सांडतो. आपल्याकडं येती ती निम्मी पखाल."

"पर सांडतं कोन?"

"कोन सांडंल? चढावर वझं टाकावंच लागतं. ढगाला बी."

तात्या भिंतीवरून जरा सरळ झाले. "म्हंजी ह्यात वरच्यांचा हात न्हाय म्हणता."

"ह्यात न्हाय. कालव्याचं मला ठावं न्हाय."

त्या एका सकाळी, माझ्या सगळ्या नोकरीत झालं नव्हतं ते झालं होतं. पोरांच्या तोंडावर ते दिसत होतं: पाऊस कुणी अडवत नाही. मी हात जोडून आबांना निरोप देणार, तेवढ्यात ती उठली. तिनं वहीचं मागचं पान उघडलं.

"आबा, गुरुजींची चप्पल समुद्रानं न्हेली आन् परत दिली. आसं करतो का?"

"करतो एखाद्या वक्ताला," आबा म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही.

"वारं येवढं खारं आसतं, की भाकरीला मीठ लागत न्हाय?"

"वठावर खारट लागतं जरा."

"आन् अंधार पडल्यावर पल्याडच्या काठाला दिवं लागलं. सत्तेचाळीस."

आबांनी काठी उचलली, परत ठेवली. मग म्हणाले, "पोरी, समुद्राला पल्याड नसतं."

मला खरंच ठाऊक नव्हतं. म्हणजे नकाशात ठाऊक होतं, शिकवतही होतो; पण काठावर बसून समोर बघितलं की समोर काहीच नसतं, हे मला सुचलं नव्हतं. जन्मभर जे पाणी बघितलं त्याला पलीकडचा काठ होता, त्या काठाला गाव होतं, गावात दिवे होते.

वर्ग माझ्याकडं बघत होता. आबांनी एकदाच वर बघितलं आणि म्हणाले, "खाडीला आसतं पल्याड. गुरुजींनी खाडी बघितली आसंल. खाडीचं पानी बी खारंच."

म्हाताऱ्यानं मला दार उघडून दिलं होतं. मी आत शिरायचंच बाकी. व्हय आबा, खाडीच ती, एवढं म्हटलं की चप्पल, भाकरी, सत्तेचाळीस दिवे, सगळं नावेत बसून सुखरूप काठाला लागत होतं. माझं तोंडसुद्धा उघडलं होतं. पण मुलगी आबांकडं वळली आणि तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग आबा, ढगांचं बी गुरुजींनी उगंच सांगितलं का? का तुमी पन त्यांची बाजू घेताय?"

आता बघा. आबांनी डोळ्यांनी बघितलेलं, पुस्तकात छापलेलं, ते माझ्या एका चपलेपायी बुडायला लागलं होतं. आणि मला वाचवायला गेला तर म्हाताराही बुडणार होता.

"मी समुद्र बघितला नाही," मी म्हणालो. "खाडीपण नाही. उजनी बघितलीय. दिवे उजनीच्या काठाचे. चप्पल कुठंच गेली नाही."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तात्या म्हणाले, "म्या म्हणतच हुतो," आणि आपण नक्की काय म्हणत होतो हे आठवायला लागले. हेडमास्तरांनी टेबलावरचे थर्मामीटर उचलून खिशात घातले.

"आबांचं आणि पुस्तकाचं खरं आहे," मी म्हणालो. "माझं नाही. पण आता तुम्ही माझ्या सांगण्यावर ते धरू नका. आबांच्याही धरू नका. घमेली ठेवून बघा."

"तुमी ती आदीच तापवून ठेवली आसतील," मागच्या बाकावरून आवाज आला.

"तुम्ही भरा."

त्यांनी भरली. मला आत बसवलं, पत्र्याखाली, आणि दाराशी एक पोरगा उभा केला. तात्यांनी माती आपल्या काळ्या रानातली दिली, पांढऱ्या पट्टीतली नव्हे. पाणी पोरांनी हापशाचं आणलं आणि तीन-चार जणांनी पिऊन बघितलं, बिनमिठाचं आहे ना म्हणून. हेडमास्तरांना विनवून थर्मामीटर खिशातून काढायला लावले. पोरांनी आधी दोन्ही एकाच पाण्यात बुडवून बघितले, सारखं दाखवतात का. हे मी शिकवलं नव्हतं. एवढा संशय माझ्या डोक्यातसुद्धा आला नसता. आबा उंबऱ्यावरून उठले नाहीत, नातीनं त्यांना सांगितलं होतं, "तुमी हितंच बसा, हात लावू नका."

दुपारच्या उन्हात घमेली तासभर राहिली. मी खिडकीतून बघत होतो. मुलगी वाकून मातीचा पारा बघायची, वहीत लिहायची, पान हातानं झाकायची आणि दुसऱ्या कुणाला तरी बघायला लावायची. दोघांचं जुळलं तरच पुढं. मग घमेली पिंपर्णीच्या सावलीत सरकवली आणि परत तेच. शाळा सुटायची घंटा होऊन गेली, कुणी हललं नाही. तात्यांनी सुद्धा पाणी धरायला जायचं पुढं ढकललं. आणि त्यांची पाळी होती, हे लक्षात घ्या.

शेवटी दारावरचा पोरगा बाजूला झाला आणि ती आत आली. तोंड उन्हानं लाल, रिबीन सुटलेली.

"माती लय तापली," ती म्हणाली. "पाणी तेवढं तापलं न्हाय. सावलीत माती भराभरा उतरली. पाणी तसंच ऊन ऱ्हायलं."

"मग?"

तिनं वहीतले आकडे परत एकदा बोटानं पडताळले. तिला दुसरं काही निघायला हवं होतं असं मला वाटलं.

"पावसाचं पटलं," ती म्हणाली.

मी हात पुढं केला, थर्मामीटर घ्यायला. तिनं ते दोन्ही ओढणीच्या टोकानं पुसले, माझ्या शेजारून पुढं गेली आणि हेडमास्तरांच्या हातात दिले.